दाढी कुणाच्या डोक्यात जाते?

पुरुषांची कोणती गोष्ट डोक्यात जाते, असं विचारलं की उत्तरं पटापट येतात. परफ्यूमचा घमघमाट. बाकावर पाय फाकवून बसणं. मचमच आवाज करत खाणं. आणि दाढी तर हमखास. कुणाला ती वाढलेली खटकते, कुणाला तुळतुळीत गालच नको वाटतात. या नावडी अगदी आपल्या स्वतःच्या वाटतात. इतिहास चाळला की मात्र दिसतं, यांतल्या बऱ्याच दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेल्या आहेत, आणि ठरवणाऱ्यांत बायका फारशा नव्हत्या.

लढाईत दाढी शत्रूच्या हाती सापडते म्हणून अलेक्झांडरने सैनिकांना ती काढायला लावली, असं प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. पुढे रोममध्येही सफाचट चेहरा सभ्यपणाचा मानला गेला, तो इ.स. ११७ मध्ये दाढीवाला हेड्रियन गादीवर येईपर्यंत. रशियात तर सरळ जबरदस्ती झाली. पश्चिम युरोप पाहून १६९८ मध्ये परतलेल्या झार पीटरने सरदारांच्या दाढ्या स्वतःच्या हाताने कापल्या. नंतर दाढीवर कर बसला. तो भरल्याची खूण म्हणून एक नाणं मिळे, त्यावर मिशा नि दाढी कोरलेली असे. ज्यांच्या धर्मात दाढी पवित्र होती, त्यांना हे किती लागलं असेल!

ब्रिटनमध्ये उलटं झालं. क्रिमियन युद्धातून (१८५३–५६) सैनिक दाढ्या वाढवून परतले आणि दाढी म्हणजे शौर्य, असं समीकरण घरोघरी रुजलं. लष्करात तर १९१६ पर्यंत मिशी काढायलाच मनाई होती. तेवढ्यात जिलेटचं सेफ्टी रेझर आलं. त्याचं पेटंट १९०४ चं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सैनिकांसाठी अशी सुमारे ३५ लाख रेझर घेतली. विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसायला गाल साफ हवेत. घरी परतलेल्यांची रोज दाढी करायची सवय मोडली नाही, आणि वाढलेले खुंट म्हणजे आळस, हा समज पक्का झाला.

घामाच्या वासाचंही तसंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डिओडरंटच्या जाहिराती बायकांनाच लाजवत होत्या. पुरुषाच्या अंगाला वास यायचाच, असं धरून चाललेलं असे. पुरुषांचा वास ‘प्रश्न’ झाला तो १९३० च्या दशकात, कंपन्यांना नवं गिऱ्हाईक हवं होतं तेव्हा.

पण नटणारा पुरुष नवा नाही. १७०१ च्या प्रसिद्ध चित्रात फ्रान्सचा चौदावा लुई उंच लाल टाचांचे बूट, रेशमी मोजे आणि भला मोठा केसांचा टोप घालून उभा आहे. तेव्हा सत्तेचं रूप हेच होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुरुषांनी रंग आणि झगमगाट सोडला. मानसशास्त्रज्ञ जे. सी. फ्लूगल यांनी १९३० मध्ये त्याला पुरुषांचा महान त्याग म्हटलं. ‘पुरुषाने नटणं बरं नव्हे’ ही नावड तिथली, म्हणजे जेमतेम सव्वादोनशे वर्षांची.

बायकांना मोजूनमापून विचारलं गेलं ते फार उशिरा. ऑस्ट्रेलियातल्या बार्नबी डिक्सन आणि रॉबर्ट ब्रूक्स यांच्या २०१३ च्या अभ्यासात बायकांना सर्वांत आकर्षक वाटले ते दहाएक दिवसांचे दाट खुंट. मला त्याहून मोलाचा वाटतो तो पुढच्याच वर्षीचा प्रयोग: आसपास दाढीवाले कमी असले की दाढी जास्त आवडते, आणि सगळेच दाढीवाले झाले की सफाचट चेहरा उठून दिसतो. म्हणजे आवड चेहऱ्याइतकीच गर्दीवरही ठरते.

पाय फाकवून बसण्याची चीड मात्र या माळेतली नाही. ती रूपाबद्दल नाहीच, शेजारच्या माणसाच्या जागेबद्दल आहे. ती राजाने किंवा कंपनीने शिकवलेली नाही, रोज अंग चोरून प्रवास करणाऱ्या बायकांनी बोलून दाखवलेली आहे. २०१७ मध्ये स्पेनमधल्या माद्रिदच्या बसगाड्यांत ‘असं बसू नका’ अशी अधिकृत पाटी लागली, ती स्त्रियांच्या गटांनी मागणी लावून धरल्यावर.