पेरोव्हस्काइट नॅनोस्फटिक : डोपिंग व आयन विनिमय

सीझियम, शिसे आणि हॅलोजन यांच्या काही नॅनोमीटर आकाराच्या प्रकाशमान स्फटिकांतील आयन बदलून (आयन विनिमय) किंवा त्यांत परका धातू अल्प प्रमाणात बसवून (डोपिंग) प्रकाशाचा रंग व गुण पालटण्याच्या पद्धती.

पेरोव्हस्काइट हे मुळात कॅल्शियम टिटॅनेटचे खनिज. उरल पर्वतातील नमुन्यांवरून गुस्टाव्ह रोझे यांनी १८३९ मध्ये त्याचे वर्णन केले. सीझियम-शिसे हॅलाइडांचा (म्हणजे क्लोराइड, ब्रोमाइड व आयोडाइड संयुगांचा) शोध सहसा एच. एल. वेल्स यांच्या १८९३ च्या कामापर्यंत मागे नेतात. वेल्स यांनी संयुगे बनवली, हे खरे; पण त्यांची अणुरचना या खनिजासारखी, म्हणजे पेरोव्हस्काइटची असल्याचे क्रिस्टियान म्यॉलर यांनी १९५८ मध्ये दाखवले. प्रस्तुत विषयापुरती दुसरी तारीख अधिक ग्राह्य वाटते. नॅनोस्फटिकांचा इतिहास मात्र अलीकडचा आहे. सेंद्रिय धनायन (धनभारित आयन) असलेले कण २०१४ च्या सुमारास स्पेनमधील व्हॅलेन्सियात तयार झाले, तर पूर्णतः अकार्बनी कण २०१५ मध्ये झुरिक येथे कोव्हालेंको यांच्या गटाने बनवले. त्यांचा प्रकाश ४१० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात हवा तेथे आणता येतो आणि पुंज कार्यक्षमता (शोषलेल्या फोटॉनांच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, तुलनेत बाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण) ९० टक्क्यांपर्यंत जाते. पुण्याच्या ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेतील अंशुमन नाग यांच्या गटाचे २०१५ मधलेच काम उल्लेखनीय आहे.

ऋणायन (ऋणभारित आयन) विनिमय : तयार ब्रोमाइड कणांच्या द्रावणात क्लोराइड किंवा आयोडाइड मिसळले की काही सेकंदांत ते स्फटिकात शिरते, हिरवा प्रकाश निळ्याकडे किंवा तांबड्याकडे सरकतो. जालकातील (स्फटिकातील आयनांच्या नियमित मांडणीतील) हॅलाइडांच्या रिकाम्या जागांतून आयन सरकतात, धनायनांचा सांगाडा जागेवर राहतो. ठाणे–बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत बॉयलरचे पाणी मृदू करणाऱ्या रेझिनमध्येही सांगाडा स्थिर आणि आयन फिरते असतात. फरक असा की तेथे सांगाड्याचा गुण बदलत नाही, येथे बदललेला आयनच रंग ठरवतो. क्लोराइड (त्रिज्या १८१ पिकोमीटर) व आयोडाइड (२२०) यांच्या आकारांत फार अंतर असल्याने त्यांची मिश्र अवस्था टिकत नाही. झुरिक व इटलीतील जिनोव्हा येथील गटांनी हा विनिमय २०१५ मध्ये स्वतंत्रपणे नोंदवला. प्राधान्याचा वाद घालण्यात अर्थ नाही.

धनायन विनिमय व डोपिंग : हा भाग अधिक वादग्रस्त आहे. शिसे सहा हॅलाइडांच्या अष्टफलकात कोंडलेले असल्याने सहज हलत नाही. सीझियम-शिसे क्लोराइडमध्ये मँगॅनीज बसवल्याचे दोन अमेरिकी गटांनी २०१६ मध्ये दाखवले. त्याचा नारिंगी प्रकाश ६०० नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि मिलिसेकंदांत मावळतो, यजमान स्फटिकाचा नॅनोसेकंदांत. ब्रोमाइडमध्ये हे साधणे अवघड जाते. काहींच्या मते कारण बंधांच्या बळात आहे. यजमानाचे ऊर्जा-अंतर (इलेक्ट्रॉन उत्तेजित होण्यास लागणारी किमान ऊर्जा) मँगॅनीजच्या प्रकाश देणाऱ्या संक्रमणाच्या ऊर्जेजवळ आल्याने ऊर्जा यजमानाकडे परत फिरते, हेही कारण दिले जाते. दोन्ही एकत्र लागू असावीत. आधी बनवलेल्या कणांत क्लोराइडरूपाने मँगॅनीज घातल्यास ऋणायन विनिमयाच्या ओघात तोही आत जातो, असे दिसते.

आयन खरोखर शिशाच्या जागी बसला की पृष्ठभागावर चिकटला, हा खरा प्रश्न. केवळ नारिंगी चमक दिसणे पुरेसे नाही. ईपीआर (चुंबकीय क्षेत्रात अयुग्मित इलेक्ट्रॉन ओळखण्याची पद्धत) वर्णपटात सहा सुट्या रेषा दिसल्या तर मँगॅनीज विखुरलेला आहे असे मानता येते. पुंजके झाले की रेषा पसरून एकमेकींत मिसळतात. कित्येक धातूंच्या बाबतीत ‘डोपिंग’चे दावे या कसोटीच्या जवळपासही जात नाहीत. यिटर्बियमचे प्रकरण निराळे आहे : एका फोटॉनपासून जवळच्या अवरक्त पट्ट्यातले दोन फोटॉन मिळतात, त्यामुळे कार्यक्षमता १०० टक्क्यांच्या पुढे जाते.

आयनांच्या चंचलतेचा तोटाही आहे. दोन रंगांचे कण एकत्र ठेवले की हॅलाइडे आपसांत मिसळून मधलाच एक रंग उरतो. पाण्याने रचना मोडते. ठाणे खाडीकाठी पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांपुढे असते, तेव्हा उघडा थर वापरण्याजोगा राहत नाही आणि सिलिका किंवा बहुवारिकाचे (पॉलिमरचे) आवरण लागते.

विद्युत उपकरणांतील शिशावर भारतातील ई-कचरा नियमांनी वजनाच्या ०.१ टक्क्याची मर्यादा घातली आहे. शिसेयुक्त टाकाऊ द्रावणे घातक कचऱ्यात गणली जातात. नवी मुंबईलगत तळोजा येथे अशा कचऱ्यासाठी सामाईक केंद्र आहे.