'फ्रूट्स बास्केट': २००१ची मालिका आणि २०१९ची मालिका

मन हलवणारी ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका म्हणून 'फ्रूट्स बास्केट'चे नाव हमखास सुचवले जाते. परंतु या नावाच्या मालिका दोन आहेत, एक २००१ची आणि दुसरी २०१९ ते २०२१ या काळातली. दुसरी म्हणजे पहिलीचा पुढचा भाग, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात दोन्ही मालिका नात्सुकी ताकाया यांच्या एकाच मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, आधारलेल्या असून दुसरीने कथा अगदी पहिल्यापासून सांगितली आहे.

आईच्या मृत्यूनंतर तंबूत राहणारी तोहरू होंडा सोहमा कुटुंबाच्या आश्रयाला येते. या घरातल्या काही जणांना भिन्नलिंगी व्यक्तीने मिठी मारली की त्यांचे रूपांतर चिनी राशिचक्रातल्या प्राण्यांत होते. याच घरातला क्यो मात्र त्या चक्रातून वगळलेल्या मांजराचा शाप भोगतो आहे. इथवर दोन्ही मालिका सारख्याच आहेत.

मांगा १९९८ ते २००६ या काळात प्रसिद्ध होत राहिला आणि त्याचे २३ खंड झाले. स्टुडिओ डीनने २००१ साली २६ भागांची मालिका केली तेव्हा कथा अर्ध्यावरही आली नव्हती, त्यामुळे शेवट त्यांना स्वतःच रचावा लागला. टीएमएस एंटरटेनमेंटच्या ६३ भागांच्या मालिकेपुढे मात्र संपूर्ण कथा होती.

याचा परिणाम एका प्रसंगात स्वच्छ दिसतो. क्योच्या मनगटावरची मण्यांची माळ काढताच त्याचे खरे, किळसवाणे रूप उघडे पडते. तो पावसात रानात पळतो, आणि तोहरू भीतीने थरथरत असूनही त्याच्यामागे जाऊन त्याला सोडत नाही. जुन्या मालिकेत हा प्रसंग जवळजवळ शेवटाला येतो, त्यामुळे तोहरूची माया हेच सगळ्याचे उत्तर ठरते. नव्या मालिकेत तो पहिल्या पर्वाच्या अखेरीस येतो. त्यानंतर दोन पर्वे शिल्लक असतात आणि त्यांत तोहरूच्या हसतमुखपणामागचे दुःखही उलगडत जाते. सगळ्यांना आधार देणाऱ्या या मुलीलाच आधाराची किती गरज होती, हे जुन्या मालिकेत पुरेसे कळतच नाही, आणि माझ्या मते या कथेचा गाभा तोच आहे.

जुन्या मालिकेतला मोकळा विनोद आजही लोभस वाटतो, पण ती नंतर पाहावी. सुरुवात २०१९च्या मालिकेनेच करावी, आणि आरंभीचे हलकेफुलके भाग पाहून ती सोडून देऊ नये. निदान क्योचा तो प्रसंग येतो त्या चोविसाव्या भागापर्यंत अवश्य जावे.