टेरियरसाठी उशिरा उघडलेली रिंग : रॅली ओबिडियन्सची पार्श्वभूमी

ऑक्टोबर १९३३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट किस्को गावी कुत्र्यांची एक नव्या धर्तीची चाचणी झाली. रंग, केस, कानांची ठेवण यांना तिथे गुण नव्हते. माणसाचं ऐकून कुत्रा काय काय करतो, एवढंच बघायचं होतं. आठ कुत्रे उतरले : तीन पूडल, दोन लॅब्रॅडॉर, दोन स्प्रिंगर स्पॅनिअल आणि एक जर्मन शेफर्ड. पहिला आला लॅब्रॅडॉर. या आठांत टेरियर, म्हणजे बिळातली शिकार हुसकावण्यासाठी जोपासलेल्या जातींपैकी, एकही नव्हता. पुढे टेरियर अधूनमधून दिसू लागले, पण आज्ञापालनाचा खेळ हा मोठ्या, माणसाच्या तोंडाकडे बघत राहणाऱ्या कुत्र्यांचा, हा समज पुढची अनेक दशकं टिकला. आज अमेरिकेत एखादी बाई सहा-सात किलोचा केर्न टेरियर घेऊन रॅली ओबिडियन्सच्या, म्हणजे पाट्यांवरच्या सूचना वाचत कुत्र्याकडून आज्ञापालनाच्या कृती करून घेत जायच्या खेळाच्या, रिंगणात उतरते आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही. हा बदल कुत्र्यात झालेला नाही, खेळात झाला आहे, आणि तो कसा झाला ते समजून घेण्यासारखं आहे.

माउंट किस्कोची चाचणी भरवणाऱ्या हेलेन व्हाइटहाउस वॉकर पूडल पाळत. पूडल म्हणजे नटवायची, लाडावलेली, कामाला निरुपयोगी जात, असं तेव्हा सर्रास म्हटलं जाई आणि त्यांना ते खटकायचं. इंग्लंडमध्ये अशा चाचण्या आधीपासून होत होत्या. तोच धागा त्यांनी अमेरिकेत आणला. १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने, म्हणजे तिथे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या आणि स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, या चाचण्यांचे नियम स्वीकारले. दुसऱ्याच वर्षी वॉकर आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्या ब्लांश साँडर्स या दोघी मोटारीमागे एकवीस फुटी ट्रेलर जोडून, तीन पूडल घेऊन देशभर निघाल्या. सुमारे दहा हजार मैलांच्या त्या प्रवासात गावोगावच्या डॉग शोमध्ये त्यांनी प्रात्यक्षिकं केली. साँडर्स तर पुढे आयुष्यभर लोकांना आपापले कुत्रे शिकवायला शिकवत राहिल्या. हा खेळ लोकांपर्यंत गेला तो या दोघींच्या पायपिटीमुळे, आणि म्हणून त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पण खेळाला जे रूप आलं ते कडक होतं. एकूण गुण २००, उत्तीर्ण व्हायला १७० हवेत, शिवाय प्रत्येक प्रकारात निम्म्याहून जास्त. परीक्षक सांगणार तेव्हा चालायचं, सांगणार तेव्हा थांबायचं. कुत्रा डाव्या बाजूला, गुडघ्याला लागून. एका कृतीला एकच आज्ञा. चालताना कुत्र्याशी बोललं की गुण गेले. शाबासकी द्यायची ती एक प्रकार संपून दुसरा सुरू होण्याच्या मधल्या वेळात. नवशिक्यांच्या वर्गातही अनोळखी कुत्र्यांच्या रांगेत आपल्या कुत्र्याला एक मिनिट बसवून आणि तीन मिनिटं आडवं करून रिंगच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं. शेजारी चाळीस किलोचा रॉटवायलर असेल तर पावशेर काळजाचं कुत्रं उठून जाणारच. टेरियरची गोष्ट त्याहून वेगळी : तो भीतीने नाही, रॉटवायलरला दोन शब्द सुनवायला उठतो.

शिकवण्याची पद्धतही तशीच होती. जर्मनीत पोलिसांचे कुत्रे तयार करणारे कोनराड मोस्ट यांनी १९१० मध्ये आपली पद्धत पुस्तकरूपाने मांडली होती. त्यात चुकीला शिक्षा हा महत्त्वाचा भाग होता, आणि लष्करी व पोलिसी श्वानशिक्षणावर तिचा दीर्घकाळ प्रभाव राहिला. अमेरिकेत १९६० च्या दशकात श्वानशिक्षक विल्यम केलर यांची पद्धत घरोघरी पोचली. तिच्यात गळ्यातल्या साखळीचा हिसका हे मुख्य साधन. आपल्याकडेही ‘शिकवलेला कुत्रा’ म्हटलं की पोलिसांच्या श्वानपथकातला लॅब्रॅडॉर किंवा डॉबरमनच डोळ्यांसमोर येतो, त्याचं मूळ याच परंपरेत आहे. हिसका खाऊन लॅब्रॅडॉर पुन्हा जागेवर येतो. टेरियर मात्र अंग आखडून घेतो किंवा उलटा भिडतो. वेदना झाली तर माघार घ्यायची नाही, याच गुणासाठी त्याला पिढ्यान्‌पिढ्या निवडलेलं आहे.

इथे टेरियरच्या पूर्वजांकडे वळायला हवं. इंग्लंडच्या डेव्हनमधले पाद्री जॉन रसेल ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९ मध्ये, त्यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची पांढरी, डोळ्यांवर तांबूस ठिपके असलेली कुत्री विकत घेतली. आज ज्यांना आपण जॅक रसेल म्हणतो त्यांची वंशावळ तिच्यापर्यंत नेली जाते. रसेल यांना हवा होता तो घोड्यांच्या आणि शिकारी कुत्र्यांच्या मागून दमसास टिकवून धावणारा, कोल्हा बिळात शिरला की त्याच्यामागे आत जाणारा आणि त्याला ठार न करता बाहेर हुसकावणारा लहान कुत्रा. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि स्काय बेटावर केर्न टेरियर दगडांच्या राशींमध्ये घुसून कोल्हे, पाणमांजरं हुडकून काढत. बिळाच्या आत, अंधारात, समोर दात विचकणारं जनावर असताना मालक वर काय ओरडतोय याचा काही उपयोग नसतो. पुढे सरकायचं की थांबून भुंकत राहायचं, हे कुत्र्याने स्वतः ठरवायचं. मेंढपाळाच्या कुत्र्याचं सगळं कौशल्य माणसाची शीळ ओळखण्यात, आणि टेरियरचं सगळं कौशल्य माणूस दिसत नसताना निर्णय घेण्यात. टेरियरला हट्टी म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये कुत्र्यांच्या जातींची जी प्रसिद्ध क्रमवारी दिली, तिच्याकडेही याच नजरेने बघायला हवं. बॉर्डर कॉली पहिला, पूडल दुसरा, जर्मन शेफर्ड तिसरा. लोक ती हुशारीची यादी म्हणून वाचतात. प्रत्यक्षात कोरेन यांनी सुमारे दोनशे आज्ञापालन-परीक्षकांची मतं गोळा केली होती. म्हणजे वर सांगितलेल्या रिंगमध्ये कोण किती चटकन ऐकतो, याची ती यादी. स्कॉटिश टेरियर तिच्यात तळाकडे आहे याचं आश्चर्य वाटायला नको.

टेरियरला शिकवता येतं, याचा पुरावा तर फार आधीपासून लाखो लोकांच्या डोळ्यांसमोर होता. १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटातला टोटो म्हणजे टेरी नावाची केर्न मादी. जर्मनीहून अमेरिकेत आलेल्या कार्ल स्पिट्झ यांनी तिला तयार केलं होतं. बोलपटात पडद्यामागून ओरडून आज्ञा देता येत नाही, म्हणून स्पिट्झ हातांच्या खुणांनी काम घेत. पंख्यांचा वारा, अवजड पोशाखातले नट, प्रखर दिवे या सगळ्यात ती लहानशी कुत्री आपलं काम करत राहिली. आठवड्याला १२५ डॉलर तिला मिळत, असं सांगतात. पण सिनेमातली ही कामं म्हणजे अपवाद, असं समजून खेळाच्या जगाने तिकडे लक्ष दिलं नाही.

दरम्यान शिकवण्याची दुसरी वाट तयार होत होती. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर ब्रेलँड (वरच्या विल्यम केलर यांच्याशी यांचा संबंध नाही) आणि मॅरियन ब्रेलँड यांनी १९४० च्या दशकातच प्राण्यांना बक्षिसाने शिकवण्याचा व्यवसाय उभा केला. हवाईत डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी तीच तत्त्वं पुढे कुत्रेवाल्यांपर्यंत आणली आणि १९९० च्या दशकात ‘टिक’ आवाज करून कुत्र्याला ‘बरोबर केलंस, आता खाऊ’ असं कळवणारा क्लिकर श्वानशिक्षकांच्या हातात आला. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी घालता येत नाही. त्याला पटलं तरच तो काम करतो. टेरियरचंही तेच आहे. इयान डनबर या पशुवैद्यांनी १९९३ मध्ये पाळीव कुत्र्यांच्या प्रशिक्षकांची संघटना स्थापन केली, ती एपीडीटी. पुढे रॅलीला पहिलं घर देणाऱ्यांत हीच संघटना होती.

दुसरीकडे अजिलिटी आली. १९७८ मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात दोन कार्यक्रमांमधला रिकामा वेळ भरायला घोड्यांच्या अडथळा-शर्यतीसारखी कुत्र्यांची शर्यत दाखवली गेली आणि बघताबघता ती स्वतंत्र खेळ होऊन बसली. तिच्यात माणूस धावतो, ओरडतो, हात हलवतो आणि कुत्र्याची शेपटी थांबत नाही. आज्ञापालनाच्या रिंगमधली गर्दी तिकडे वळू लागली.

कॅन्ससचे चार्ल्स ‘बड’ क्रेमर हे अमेरिकेत अजिलिटी रुजवणाऱ्यांपैकी एक. त्यांना आज्ञापालनाचा खेळही प्रिय होता आणि तो कोरडा होत चालला आहे, हेही त्यांना दिसत होतं. १९९० च्या दशकात त्यांनी मोटार-रॅलीची कल्पना उचलली. मोटार-रॅलीत चालक एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्याची सूचना वाचत जातो. तसंच इथे रिंगमध्ये क्रमांक घातलेल्या पाट्या मांडायच्या. प्रत्येक पाटीवर एक कृती. परीक्षक सुरुवातीला एकदा ‘फॉरवर्ड’ म्हणणार आणि मग गप्प. माणूस आणि कुत्रा आपल्या चालीने पाट्यांमागून पाट्या घेत शेवटाकडे जाणार. क्रेमर यांनी श्वानप्रेमींच्या नियतकालिकांत लिहून ही कल्पना मांडली, मार्ग आखून दाखवले. एपीडीटीने २००१ च्या सुमारास रॅलीच्या स्पर्धा सुरू केल्या. अमेरिकन केनेल क्लबने काही वर्षं आजमावून पाहिल्यावर १ जानेवारी २००५ पासून रॅलीला किताब देणाऱ्या स्पर्धेचा दर्जा दिला.

रॅलीचा मार्ग जवळून बघितला तर टेरियरवाल्यांना ती का आवडली ते कळतं. अमेरिकन केनेल क्लबच्या नवशिक्या वर्गात दहा ते पंधरा पाट्या असतात आणि कुत्रा पट्ट्यावरच असतो. स्पर्धेआधी दहा मिनिटं माणसांना कुत्र्याशिवाय मार्ग चालून बघायला मिळतो. तेव्हा दिसणारं दृश्य छान असतं : पंधरा-वीस जण हातात नकाशा घेऊन, रिकाम्या डाव्या बाजूला अदृश्य कुत्रा आहे असं धरून वळणं घेत असतात. पाट्या चालणाऱ्याच्या उजव्या हाताला असतात. वळणाची पाटी तेवढी समोर. एक पाटी म्हणते : थांबा, कुत्रा बसवा, आडवं करा. दुसरी म्हणते : शंकूंच्या मधून नागमोडी जा. तिसरी : कुत्र्याला समोर बोलवा आणि पाठीमागून वळवून डावीकडे घ्या. एक अशी, की एक पाऊल टाका, थांबा, कुत्रा बसवा. दोन पावलं, थांबा, बसवा. तीन पावलं, थांबा, बसवा. लहान कुत्र्याला ही शेवटची फार जड जाते. माणसाच्या एका पावलात त्याची चार होतात आणि बसायच्या आत पुन्हा उठायची वेळ येते. सकाळच्या दवाने गवत ओलं असेल तर पोट जमिनीपासून वीतभर उंच असलेला केर्न बुड टेकायलाच तयार नसतो. जाणती माणसं घरी ओल्या गवतावर मुद्दाम सराव करून येतात.

सुरुवात १०० गुणांनी होते आणि त्यातून वजाबाकी. पट्टा ताणला, एक गुण. पाटी पुन्हा केली, तीन. कृतीच चुकली, दहा. ७० राहिले की पास. तीन वेळा, निदान दोन वेगवेगळ्या परीक्षकांपुढे पास झालं की कुत्र्याच्या नावामागे किताब लागतो. वेळ मोजतात ती फक्त बरोबरी सोडवायला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट : पूर्ण वाटभर कुत्र्याशी बोलता येतं. ‘चल बाळा, इकडे, शाब्बास’ हे न्यू जर्सीतल्या रिंगमध्ये मराठीतही म्हणता येतं, नियम कुठली भाषा ते विचारत नाही. आज्ञा दोनदा दिली तरी गुन्हा नाही. उलट कठोर, दटावणारा आवाज काढला तर गुण कापतात. ज्या कुत्र्याला अंधारात स्वतः ठरवायची सवय आहे, त्याला पावलोपावली ‘आता हे, आता ते, आणि हे तुला जमतंय’ असं कळत राहिलं की त्याचं लक्ष भिंतीकडच्या खारीवरून परत येतं. रॅली म्हणजे सोपं केलेलं आज्ञापालन, असं जुन्या खेळाडूंकडून ऐकू येतं. मला ते पटत नाही. पंधरा कृती एका दमात, परीक्षकाच्या मदतीशिवाय, लक्ष न तुटू देता करायच्या, हे काम सोपं नाही. ते फक्त मोकळं आहे.

कुत्र्याची जात विचारण्याचा प्रश्नही पुढे सुटला. एपीडीटीच्या रॅलीत संकरित कुत्र्यांना आधीपासून प्रवेश होता. अमेरिकन केनेल क्लबने १ एप्रिल २०१० पासून आज्ञापालन, रॅली आणि अजिलिटीत त्यांना घेतलं. निवाऱ्यातून आणलेल्या कुत्र्यांत टेरियरचं रक्त सर्रास असतं, त्यामुळे या निर्णयाने लहान, खरबरीत केसांची, कुळाचा पत्ता नसलेली कितीतरी कुत्री रिंगमध्ये आली. ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१३ मध्ये रॅली आपल्या स्पर्धांमध्ये घेतली. २०२० मध्ये कोविडने मैदानं बंद झाली, तेव्हा अमेरिकन केनेल क्लबने अंगणात मार्ग मांडून त्याचा व्हिडिओ परीक्षकाकडे पाठवायची सोय केली.

आता लहान टेरियर घेऊन सुरुवात करणाऱ्यापुढे मुख्यतः दोन वाटा आहेत. एपीडीटीची रॅली आता वर्ल्ड सायनोस्पोर्ट रॅली या नावाने चालते. तिथे ठरावीक पाट्यांपाशी कुत्र्याला रिंगमध्येच खाऊ देता येतो, पूर्ण गुण २०० आणि पासची रेषा १७०. अमेरिकन केनेल क्लबच्या रिंगमध्ये खाऊ चालत नाही, पण तिथे २०१७ पासून नवशिक्या आणि वरच्या वर्गाच्या मध्ये पट्ट्यासकट खेळायचा आणखी एक वर्ग आहे. पट्टा सुटतो तो त्याच्या पुढच्या वर्गात, जिथे एक उडीही असते आणि तिची उंची कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीवरून ठरते. ज्याची पूर्वजमंडळी कोल्ह्याच्या बिळात शिरली, अशा कुत्र्याचा पट्टा काढण्याआधी बहुतेक टेरियरवाले या मधल्या वर्गात एखादा हंगाम काढतात.