नर-मादीतला फरक वेगळा, मादीतली चढउतार वेगळी: माइसवर काम करणाऱ्यांनी एकदा वाचा

नाशकात फार्मसी कॉलेजं पुष्कळ झालीत, आणि एम.फार्मची पोरं माइसवरच्या (प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदरांवरच्या) प्रोजेक्टचा प्रोटोकॉल, म्हणजे प्रयोगाचा आराखडा, लिहायला बसली की एक वाक्य हमखास येतं, "सर, फक्त मेल माइस घेऊ, फीमेलमध्ये व्हेरिएशन जास्त असतं." कशावरून रे, तर म्हणे मेल-फीमेलचं बिहेवियर वेगळं असतं ना. अरे पण हे उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं झालं.

समजा लासलगावला कांदा पिंपळगावपेक्षा कायम शंभर रुपयांनी महाग जातोय, तर तो दोन बाजारांतला फरक झाला. त्यावरून लासलगावचा भाव रोज जास्त वरखाली होतो असं कोणी म्हणेल का? माइसच्या बाबतीत मात्र सगळे बिनधास्त म्हणतात.

फरक आहेतच, ते कोणी नाकारत नाही. पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवलं तर माद्या साधारणपणे नरांपेक्षा जास्त पळतात, नर मूत्राचे ठिपके टाकून हद्द आखतात, वेगवेगळ्या ठिकाणचे मोठे नर एकत्र ठेवले तर मारामाऱ्या होतात आणि हरलेल्याच्या पाठीवर-शेपटीवर चावे दिसतात. हे सगळं सरासरीचं बोलणं. आणि असा फरक असेल तर उलट दोन्ही घ्यायला पाहिजेत ना! झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचंच बघा, बायकांच्या शरीरातून ती हळू बाहेर पडते म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) 2013 मध्ये बायकांसाठी शिफारशीचा डोस 10 वरून 5 मिलीग्रॅम करायला लावला.

आता चढउतार. मादी माइसचं प्रजननाचं हार्मोन-चक्र 4-5 दिवसांचं असतं. आज कुठला टप्पा आहे ते कळायला सलाइनचा थेंब ड्रॉपरने योनीत सोडून परत ओढायचा आणि स्लाइडवर बघायचा, इस्ट्रसमध्ये (माजाच्या टप्प्यात) केंद्रक नसलेल्या चपट्या पेशींचे थर दिसतात, डायइस्ट्रसमध्ये (दोन माजांमधल्या शांत टप्प्यात) बारीक पांढऱ्या पेशी जास्त. रोजचा उद्योग आहे, कंटाळा येतो हे खरंय, पण चक्र बदलतं म्हणून वागणंही तेवढंच बदलतं हे गृहीत कोणी तपासलं होतं? प्रेंडरगास्ट वगैरे संशोधकांनी 2014 मध्ये 293 पेपर गोळा करून पाहिलं, चक्राची कुठलीच नोंद न ठेवता घेतलेल्या माद्यांमध्येही आकड्यांचं विखुरणं नरांपेक्षा जास्त निघालं नाही. मग 2023 मध्ये हार्वर्डच्या दत्ता लॅबने मोकळ्या रिंगणात फिरणाऱ्या माइसवर वरून थ्रीडी कॅमेरा लावला, सॉफ्टवेअरने हालचालींचे सेकंदाहून छोटे तुकडे पाडले, वळणं, थांबणं, मागच्या पायांवर उभं राहणं असे. त्यात चक्राचा परिणाम अगदी किरकोळ निघाला, त्यापेक्षा ती कुठली मादी आहे याचा ठसा कितीतरी मोठा, आणि जास्त चढउतार नरांच्या वागण्यात! (व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ऐकवा कोणाला तरी.)

म्हणजे चक्राचा परिणाम कुठेच नसतो असंही नाही हं. रॅटमध्ये (मोठ्या जातीच्या उंदरात) चाकावरचं पळणं चक्राप्रमाणे चांगलंच वाढतं-घटतं, म्हणून कुठला प्राणी आणि कुठली टेस्ट ते आधी बघा.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हालचाल मोजायला ॲक्टोफोटोमीटर असतो. प्राणी आत सोडला की प्रकाशाचा किरण तुटेल तसा आकडा पुढे सरकतो, पाच-दहा मिनिटांनी एक नंबर लिहून घ्यायचा. त्या नंबरात कोपऱ्यात बसून अंग चाटणारा आणि दचकून गोठलेला दोन्ही सारखेच, किरण तुटलाच नाही ना. मशीन टाकाऊ नाही, पण त्यावरून "फीमेलचं बिहेवियर अस्थिर" असलं वाक्य लिहू नका.

आणि मीनच्या (सरासरीच्या) पुढे एसईएम, म्हणजे सरासरी किती अचूक आहे याचा अंदाज, टाकून विखुरण्याबद्दल बोलायचं हेही बंद करा, प्राणी वाढवले की एसईएम आपोआप बारीक होतो. विखुरणं बघायचंय तर एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन) बघा. तेही दोन प्रकारचं असतं, या प्राण्यात आणि त्या प्राण्यात किती, आणि एकाच प्राण्यात आज-उद्यात किती. एकदाच टेस्ट घेऊन दुसरं कळणारच नाही, त्याच माइसला परत परत सोडावं लागतं.

राहिला नर-माद्या दोन्ही घेतल्या तर प्राणी दुप्पट लागतील हा प्रश्न, कारण प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत तोच अडतो. ग्रुपमध्ये 12 मंजूर असतील तर 6 नर 6 माद्या घ्या आणि टू-वे अनोव्हात (दोन घटकांचा परिणाम एकत्र तपासणाऱ्या सांख्यिकी चाचणीत) औषधाबरोबर लिंग हा दुसरा फॅक्टर धरा, औषधाचा मुख्य परिणाम सगळ्या 12 वरूनच निघतो. लिंगानुसार औषधाचा परिणाम बदलतो का, हाच मुख्य प्रश्न असेल तर मात्र जास्त प्राणी लागतील, आणि ते कमिटीच्या फॉर्ममध्ये आधीच लिहा.