बोन स्कॅन

शरीरात अन्यत्र उद्भवलेला कर्करोग हाडांत पसरला आहे का, हे पाहण्यासाठी किरणोत्सारी द्रव्य टोचून केली जाणारी संपूर्ण सांगाड्याची तपासणी. प्रोस्टेट, स्तन आणि फुप्फुस यांच्या कर्करोगांत ती विशेष उपयोगी पडते. बोन स्कॅनमध्ये कर्करोगाच्या पेशी दिसत नाहीत. त्या पेशींमुळे हाडात काय खळबळ माजली आहे ते दिसते. या तपासणीचे सामर्थ्य आणि तिचे चकवे दोन्ही इथूनच सुरू होतात.

हाड सतत झिजते आणि पुन्हा बांधले जाते. त्यात कर्करोग रुजला की आसपासच्या अस्थिजनक पेशी बहुधा जोमाने नवे हाड घालू लागतात. टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य मिथिलिन डायफॉस्फोनेट या संयुगाला जोडून शिरेतून दिले की ते या ताज्या खनिजाला चिकटते आणि गॅमा कॅमेऱ्याला तिथे गडद ठिपका दिसतो. साध्या एक्स-रेमध्ये हाडातील ३० ते ५० टक्के खनिज गेल्याखेरीज दोष सहसा उमटत नाही. त्यामुळे स्कॅन पुष्कळदा एक्स-रेच्या काही महिने आधी सूचना देतो.

पूर्वी यासाठी स्ट्रॉन्शियम-८५ वापरत. त्याचे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्म्यावर येण्याचा काळ) सुमारे ६५ दिवसांचे असल्याने, कर्करोगाचे निदान आधीच झालेल्या रुग्णांपुरताच त्याचा वापर ठेवावा लागे. १९७१ मध्ये अमेरिकेतील सिरॅक्यूज येथे गोपाल सुब्रमणियन आणि जॉन मॅकॲफी यांनी टेक्नेशियम फॉस्फेट संयुगाला जोडून दाखवले आणि चित्र पालटले. टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य अवघे ६ तास. मात्र ते ज्यापासून तयार होते त्या मॉलिब्डेनम-९९चे अर्धायुष्य ६६ तास असल्यामुळे ते भरलेले ‘जनरेटर’ नावाचे उपकरण दूरच्या रुग्णालयात पाठवून तिथे रोज ताजे टेक्नेशियम काढता येते. भारतात असे जनरेटर आणि औषधांचे किट पुरवणाऱ्यांत नवी मुंबईतील वाशीची ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा विभागाची संस्था आहे.

तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही. इंजेक्शननंतर दोन ते चार तास थांबावे लागते. तेवढ्या वेळात भरपूर पाणी प्यायचे आणि कॅमेऱ्याखाली जाण्यापूर्वी लघवी करून यायचे, कारण भरलेल्या मूत्राशयाआड कटीची हाडे झाकली जातात. कॅमेरा स्वतः किरण सोडत नाही, फक्त अंगातून येणारे टिपतो. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी आधी सांगणे आवश्यक असते.

खरे कौशल्य लागते ते चित्र वाचायला. जुना संधिवात, भरून येत असलेले फ्रॅक्चर, जंतुसंसर्ग हे सारे गडदच दिसतात. लागोपाठच्या बरगड्यांवर एका ओळीत ठिपके असतील तर आधी पडल्याचे, मार बसल्याचे विचारावे. कणा, कटी आणि बरगड्यांवर ते वेडेवाकडे विखुरलेले असतील तर कर्करोगाचा संशय बळावतो. एकुलत्या ठिपक्यावरून निकाल देणे घाईचे ठरते. तिथे स्पेक्ट-सीटी (गॅमा कॅमेऱ्याचे त्रिमितीय चित्र आणि सीटी एकत्र), एमआरआय किंवा बायोप्सी लागते. उलट, सांगाडा सर्वत्र सारखाच गडद आणि मूत्रपिंडे चित्रात जवळजवळ दिसेनाशी झालेली असतील तर त्याला सुपरस्कॅन म्हणतात. वरवर तो निर्दोष वाटू शकतो, पण रोग सर्व हाडांत पसरल्याचे ते लक्षण असू शकते.

मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात हाड पोखरले जाते पण नवे फारसे बनत नाही, म्हणून तिथे बोन स्कॅन फसतो. मूत्रपिंडाचा कर्करोग हाडांत पसरतो तेव्हाही काही वेळा असेच घडते. उपचार लागू पडू लागल्यावर हाड भरून येताना ठिपके काही महिने अधिकच गडद होऊ शकतात, क्वचित नवेही दिसतात. या ‘फ्लेअर’ला रोगवाढ समजून चांगले चाललेले औषध बदलले जाण्याचा धोका असतो. म्हणून प्रोस्टेट कर्करोगाच्या औषधचाचण्यांत, उपचारानंतरच्या पहिल्या स्कॅनमध्ये नवे ठिपके दिसले तर पुढच्या स्कॅनमध्ये आणखी किमान दोन नवे दिसल्याखेरीज रोग वाढला असे धरत नाहीत.

प्रोस्टेटसाठी आता पीएसएमए पेट-सीटी हे दुसऱ्या प्रकारचे स्कॅनिंग अधिक संवेदनशील ठरते. ते थेट कर्करोगाच्या पेशींवरील पीएसएमए हे प्रथिन शोधते. पण ते महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही. बोन स्कॅन तुलनेने स्वस्त पडतो आणि एका फेरीत डोक्यापासून पायापर्यंतचा सांगाडा दाखवतो, म्हणून तो अजून मागे पडलेला नाही.