परकीय चलनाचा व्यवहार शिकताना : नियमांमागची पार्श्वभूमी

परकीय चलनाचा व्यवहार शिकू पाहणाऱ्या नवख्या माणसाला पहिल्याच आठवड्यात दोन परस्परविरोधी गोष्टी ऐकू येतात. एकीकडे चलनांच्या जोड्या, पिप, लॉट, लिव्हरेज असे शब्द आणि चोवीस तास चालणाऱ्या जागतिक बाजाराची वर्णने त्याच्यापुढे येतात. दुसरीकडे भारतात राहणाऱ्याला यातले बरेचसे व्यवहार कायद्याने करताच येत नाहीत आणि जे करता येतात त्यांनाही अटी आहेत, हे त्याला बहुधा उशिरा आणि कुणाकडून तरी उडत उडत कळते. या अटी लहरीने घातलेल्या नाहीत. परकीय चलन विकत घेणाऱ्याला ‘कशासाठी?’ असे विचारण्याची पद्धत आपल्याकडे पंच्याऐंशी वर्षांहून जुनी आहे, आणि तिचा इतिहास ठाऊक नसेल तर आजचे नियम नुसते पाठ करावे लागतात, समजत नाहीत.

खरे तर या प्रश्नाच्या आधीचा काळ मराठी मुलखाला चांगला परिचित होता. पेशवाईत पुण्याचा अंकुशी, नाशिककडचा चांदवडी, शेजारच्या मुलखांतून येणारे इतर शिक्के असे अनेक रुपये एकाच बाजारात चालत, आणि त्यांचा कस व वजन वेगवेगळे असल्याने एका रुपयाच्या बदल्यात दुसरा देताना सराफ बट्टा कापून घेत असे. पोतदार, पारखी, सराफ ही आडनावे त्याच धंद्यातून आली. आज दलालाच्या पडद्यावर खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन भाव शेजारी दिसतात, त्यांतले अंतर म्हणजे कामाच्या दृष्टीने तो बट्टाच होय. शिकणाऱ्याने ‘स्प्रेड’ हा शब्द पाठ करण्यापेक्षा हे ध्यानात ठेवलेले बरे. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आपल्या मुलखात लागू केला आणि हा खेळ हळूहळू आवरत गेला. पण मराठवाड्यात निजामाचा हाली शिक्का विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होता. सात हाली रुपयांना सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे, रुपये असा तो दर असे, त्यामुळे हैदराबाद संस्थानची हद्द ओलांडून मनमाड किंवा सोलापूरकडे येणाऱ्या माणसाला विनिमयाचा दर शिकवावा लागत नव्हता.

रुपया आणि पौंड यांच्यातील दराचे राजकारण मात्र सराफकट्ट्यावरचे नव्हते. १८७० नंतर जगभर चांदीचे भाव कोसळू लागले, तसा चांदीचा रुपयाही पौंडाच्या तुलनेत घसरत गेला, आणि लंडनला पौंडांत पाठवाव्या लागणाऱ्या ‘होम चार्जेस’चा, म्हणजे इंग्लंडमधल्या सरकारी खर्चाचा, भार हिंदुस्थान सरकारवर वाढत गेला. म्हणून १८९३ मध्ये टांकसाळी खाजगी चांदीला बंद करण्यात आल्या, आणि शतक संपता संपता रुपया एक शिलिंग चार पेन्सांवर, म्हणजे पौंडाला पंधरा रुपये या दरावर स्थिरावला. पहिल्या महायुद्धात तोही मोडला. १९२६ मध्ये चलनाच्या प्रश्नासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने एक शिलिंग सहा पेन्सांची शिफारस केली, तेव्हा मुंबईच्या व्यापारी व गिरणीमालक वर्गाने चार पेन्सांचा जुना दर मागितला आणि पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी आयोगातच भिन्नमतपत्रिका जोडली. याच आयोगापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची साक्ष झाली होती. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्येच प्रसिद्ध झाला होता, आणि रुपया उतरवण्यातून व्यापाऱ्याला जो लाभ होतो तो मजुरी करणाऱ्याच्या खिशातून येतो, हा त्यांचा युक्तिवाद आजही दर घसरणीच्या वेळी आठवावा असा आहे. दोन पेन्सांच्या वादात कोण जिंकले हे फार महत्त्वाचे नाही. दर हा केवळ बाजाराचा आकडा नसून त्यात कुणाचा तरी नफा आणि कुणाचे तरी नुकसान दडलेले असते, हे त्या वादाने पहिल्यांदा सर्वांसमोर मांडले.

‘कशासाठी?’ हा प्रश्न आला तो सप्टेंबर १९३९ मध्ये. दुसरे महायुद्ध सुरू होताच भारत संरक्षण नियमांखाली विनिमय नियंत्रण लागू झाले आणि त्याचा कारभार, स्थापना होऊन जेमतेम चार वर्षे झालेल्या, रिझर्व्ह बँकेकडे आला. युद्ध संपले तरी नियंत्रण उठले नाही. १९४७ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि १९७३ मध्ये तो अधिक कडक करून ‘फेरा’ (परकीय चलन नियमन कायदा) या नावाने पुन्हा लिहिला गेला. त्या कायद्याची वृत्तीच अशी होती की परकीय चलन ही राष्ट्राची दुर्मिळ ठेव आहे, ते कुणाला आणि किती द्यायचे हे सरकार ठरवील, आणि परवानगीवाचून केलेला व्यवहार हा गुन्हा ठरेल. परदेशी जाणाऱ्याला पी-फॉर्म, म्हणजे परवानगीचा अर्ज, भरावा लागे. त्या काळात अमेरिकेला शिकायला गेलेल्या कित्येकांच्या आठवणींत खिशात नेऊ दिलेल्या आठच डॉलरचा उल्लेख येतोच. दर तर सरकारनेच बांधलेला असे. १९४९ मध्ये पौंडाबरोबर रुपयाचेही अवमूल्यन होऊन डॉलर ३.३१ रुपयांवरून ४.७६ रुपयांवर गेला आणि ६ जून १९६६ रोजी एका घोषणेने तो ७.५० रुपयांचा झाला. अशा व्यवस्थेत दराच्या चढउतारावर व्यवहार करण्याला जागाच नव्हती, कारण दर वर्षानुवर्षे हलत नसे आणि हलला तर एका रात्रीत हले.

जगाचे चित्र या सुमारास पालटत होते. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्‌स येथे ठरलेली स्थिर दरांची व्यवस्था डॉलरच्या बदल्यात सोने देण्याच्या अमेरिकेच्या हमीवर उभी होती, आणि ती हमी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १५ ऑगस्ट १९७१ रोजी काढून घेतली. दर आता हलणार हे ओळखून शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजने मे १९७२ मध्ये चलनांचे फ्युचर्स, म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेला देण्या-घेण्याचे वायदे, सुरू केले. अंडी आणि डुकराच्या मांसाचे वायदे करणाऱ्या बाजाराने येन आणि मार्क यांचे वायदे करावेत, याची तेव्हा पुष्कळ थट्टा झाली. पण एक्स्चेंजचे अध्यक्ष लिओ मेलामेड यांनी अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्याकडून या कल्पनेच्या समर्थनार्थ टिपण लिहून घेतले होते आणि १९७३ मध्ये प्रमुख चलने तरंगती झाल्यावर, म्हणजे त्यांचे दर बाजारात ठरू लागल्यावर, थट्टा थांबली. नव्वदीच्या दशकाअखेर संगणकजोडणीमुळे हा बाजार घरी बसलेल्या माणसाच्या आवाक्यात आला. नवख्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांतली बहुतेक परिभाषा याच टप्प्यावरची, म्हणजे अमेरिका, ब्रिटन आणि जपान येथील किरकोळ ग्राहकांसाठी घडलेली आहे, आणि भारतीय वाचकाचा घोटाळा नेमका तेथे सुरू होतो.

भारतात दार किलकिले झाले ते बँकांसाठी. १९७५ मध्ये रुपया पौंडापासून सोडवून अनेक चलनांच्या टोपलीशी जोडला गेला, आणि १९७८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना दिवसाच्या दिवसात परकीय चलनाची खरेदी-विक्री करण्याची मुभा दिली. दिवस संपताना मात्र खाते बरोबरीत आणावे लागे. मुंबईच्या फोर्ट भागातील बँकांच्या डीलिंग रूम खऱ्या अर्थाने तेव्हापासून जाग्या झाल्या. पुढचा धक्का १९९१ चा. परकीय गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली असताना सोने परदेशात गहाण ठेवले गेले, जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले, मार्च १९९२ मध्ये निर्यातदारांच्या मिळकतीपैकी ४० टक्के सरकारी दराने आणि ६० टक्के बाजारदराने अशी दुहेरी पद्धत आली, आणि वर्षभराने, मार्च १९९३ मध्ये, ती मोडून एकच बाजारदर मान्य झाला. ऑगस्ट १९९४ मध्ये चालू खात्यावर, म्हणजे व्यापार, प्रवास, शिक्षण अशा देण्याघेण्यासाठी, रुपया परिवर्तनीय झाला. १ जून २००० पासून ‘फेरा’च्या जागी ‘फेमा’ (परकीय चलन व्यवस्थापन कायदा) आला. नियमनाऐवजी व्यवस्थापन हा शब्द आला आणि तुरुंगाऐवजी मुख्यतः दंड आला, जो गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. भांडवली खाते, म्हणजे गुंतवणूक आणि कर्जे यांचे व्यवहार, मात्र अटींखालीच राहिले. आयातदाराने पुढील महिन्यांच्या देण्यासाठी बँकेकडे डॉलरचा भाव आजच बांधून घ्यावा, हे मान्य होते. ज्याचे डॉलरमध्ये देणे-घेणे काहीच नाही त्याने केवळ दर वाढेल या अंदाजावर तसे करावे, हे मान्य नव्हते.

सर्वसामान्य माणूस या बाजारात कायदेशीरपणे शिरू शकला तो २९ ऑगस्ट २००८ रोजी, जेव्हा राष्ट्रीय शेअर बाजारात डॉलर-रुपयाचे फ्युचर्स सुरू झाले. आदल्याच वर्षी दुबईच्या एक्स्चेंजवर रुपयाचे वायदे चालू झाले होते आणि आपल्या चलनाचा भाव परक्या बाजारात ठरू लागेल ही चिंता भारतात हा बाजार उघडण्यामागे होती. कराराचा आकार १,००० डॉलर इतका लहान ठेवण्यात आला. म्हणजे भाव एक रुपयाने हलला तर एका लॉटमागे, म्हणजे एका करारामागे, हजार रुपयांचा फरक आणि पाव पैशाच्या सर्वांत छोट्या पायरीमागे अडीच रुपयांचा. व्यवहार रुपयांतच मिटे, डॉलर प्रत्यक्षात हाती येत नसत. रिझर्व्ह बँकेच्या त्या वेळच्या निर्देशांत निवासी व्यक्तींना विनिमयदराच्या जोखमीपासून संरक्षणासाठी ‘किंवा अन्यथा’ हे करार घेता-विकता येतील असे म्हटले होते. सत्तर वर्षे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला या दोन शब्दांनी निदान एका बाजारापुरती सूट दिली, असे मला वाटते. आरंभाची वेळ मात्र विलक्षण ठरली. तेव्हा डॉलर ४४ रुपयांच्या आसपास होता. पंधरवड्यात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि वर्ष संपण्याआधी रुपयाने पन्नाशी ओलांडली. २०१० मध्ये युरो, पौंड आणि येन यांचे रुपयाशी असलेले करार आले, त्याच वर्षी डॉलर-रुपयाचे ऑप्शन्स (ठरल्या भावाने घेण्या-विकण्याचा हक्क देणारे, पण बंधन न घालणारे करार) आले आणि २०१८ मध्ये युरो-डॉलरसारख्या, रुपया नसलेल्या जोड्याही भारतीय बाजारात उपलब्ध झाल्या.

सूट टिकली, पण ती सशर्त होती याची आठवण दर काही वर्षांनी करून दिली गेली. २०१३ च्या उन्हाळ्यात रुपया घसरत ऑगस्टअखेर ६८ च्या पलीकडे गेला, तेव्हा बँकांना या बाजारात स्वतःच्या खात्यावर व्यवहार करण्यास मनाई झाली आणि मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी आगाऊ भरायची अनामत, वाढवण्यात आले. वर्षभराने नियम सैलावले आणि एका ठरावीक मर्यादेपर्यंत प्रत्यक्ष देणे-घेणे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. ही मर्यादा २०१८ मध्ये सर्व जोड्यांना मिळून १० कोटी डॉलरवर गेली. बहुतेक किरकोळ ग्राहकांनी व त्यांच्या दलालांनी याचा अर्थ ‘विचारणार कुणी नाही’ असा घेतला. ५ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने मर्यादेपर्यंत कागदपत्रे दाखवावी लागणार नाहीत, पण त्यामागे प्रत्यक्ष देणे-घेणे असलेच पाहिजे, असे स्पष्ट केले. एप्रिलमध्ये दलालांनी ग्राहकांना चालू सौदे मिटवण्यास सांगितल्यावर बाजारात गडबड उडाली. अंमलबजावणी ३ मेपर्यंत पुढे ढकलली गेली आणि धोरणात बदल झालेला नाही, नियम पूर्वीपासून हाच आहे, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेलही, पण ज्याने सोळा वर्षे मोकळेपणाने व्यवहार केला त्याला तो बदलच वाटला, आणि उलाढाल झपाट्याने आटली.

या पोकळीत, आणि तिच्या आधीपासूनही, परदेशी संकेतस्थळांच्या जाहिराती येत राहिल्या आहेत. उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, म्हणून तीच रक्कम परदेशी दलालाकडे मार्जिन म्हणून भरता येईल असा समज सर्रास दिसतो; योजनेत मार्जिनसाठी पैसे पाठवण्यास स्पष्ट मनाई आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अनधिकृत मंचांची ३४ नावांची सावधानता यादी प्रसिद्ध केली आणि नंतर ती वाढत गेली. अशा ठिकाणी मिळणारे शंभरपट, पाचशेपट लिव्हरेज, म्हणजे भरलेल्या रकमेच्या तितक्या पट मोठा सौदा करण्याची मुभा, ही सवलत म्हणून सांगितली जाते. साधे गणित असे की शंभरपटीच्या सौद्यात भाव एक टक्का उलटा गेला की भरलेली सारी रक्कम संपते. १५ जानेवारी २०१५ रोजी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने युरोला १.२० फ्रँकचा आपला किमान दर अचानक सोडला, तेव्हा फ्रँक काही मिनिटांत इतका उसळला की कित्येक ग्राहकांच्या खात्यात शून्याच्याही खाली शिल्लक दिसू लागली आणि काही दलाल कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. त्यानंतर, २०१८ मध्ये, युरोपीय नियामकाने किरकोळ ग्राहकांसाठी प्रमुख जोड्यांवर तीसपटीची मर्यादा घातली. त्या वेळी त्याने दिलेल्या आकड्यांनुसार फरकाच्या करारांत (सीएफडी, ज्यांत चलन हाती न घेता फक्त भावातला फरक मिटवतात) व्यवहार करणाऱ्या किरकोळ खात्यांपैकी ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात होती. जपानने हीच मर्यादा २०१० मध्ये पन्नासपटीवर आणि पुढच्या वर्षी पंचवीसपटीवर आणली होती.

ज्याला हा विषय अभ्यास म्हणून शिकायचा आहे त्याच्यासाठी सेबीने स्थापन केलेली, रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे संकुल असलेली राष्ट्रीय रोखे बाजार संस्था चलन डेरिव्हेटिव्हजची, म्हणजे चलनांच्या फ्युचर्स-ऑप्शन्ससारख्या करारांची, प्रमाणपत्र परीक्षा घेते. संस्थेच्या परीक्षांच्या मालिकेत हिचा क्रमांक पहिला आहे, कारण फ्युचर्स सुरू झाले त्या सुमारास प्रशिक्षित माणसांची निकड सर्वप्रथम याच बाजाराला भासली होती. तिच्या अभ्यासक्रमात आयातदार, निर्यातदार आणि परदेशी कर्ज घेतलेली कंपनी यांच्या संरक्षणाची उदाहरणे सोडवावी लागतात, तसेच केवळ भावाच्या अंदाजावर केलेल्या सौद्यांचीही. आणि ज्याला स्वतःच्या नावाने खाते उघडायचे आहे त्याच्यापुढे दलाल आता प्रत्यक्ष देणे-घेणे असल्याचे स्वयंघोषणापत्र सहीसाठी ठेवतो.