मगर जबडा वासते तेव्हा वाचणाऱ्याच्या मेंदूत काय होतं?

साहसकथेत वर्णन आलं की मुलं ते न वाचता पान उलटतात, असं सर्रास म्हटलं जातं. गोव्यातल्या शाळकरी मुलांच्या कथा मी आवडीने वाचतो, आणि मला हे पटत नाही. ‘घनदाट, भयाण, निबिड अरण्य’ मुलं ओलांडून जातात हे खरं. पण ‘खाजणातल्या चिखलात रुतलेली चप्पल ओढायला गेलो, तर हाती खेकडा आला’ या वाक्याला थांबतात, हसतात, शेजारच्याला दाखवतात. वर्णन दोन्हीकडे आहे. फरक मेंदूत पडतो.

वाचताना मेंदू पुढच्या शब्दाचा अंदाज बांधत सरकत असतो. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी १९८० मध्ये याची खूण मोजून दाखवली. डोक्याला इलेक्ट्रोड लावलेल्या माणसांना त्यांनी पडद्यावर एकेक शब्द दाखवत वाक्यं वाचायला दिली. काहींचा शेवट सरळ होता, काहींचा भलताच: गरम पावाला लावले मोजे! असा शब्द दिसल्यावर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत आलेखात ऋण दिशेची लाट उसळली. तिचं नाव एन-४००. ती जेमतेम काही मायक्रोव्होल्टची असते. अनेक वाक्यांच्या नोंदींची सरासरी काढावी तेव्हा कुठे मेंदूतल्या इतर गलबल्यातून ती वर येते. शब्द जितका अनपेक्षित तितकी लाट मोठी, हे त्याच दोघांनी १९८४ मध्ये दाखवलं.

मला सर्वांत आवडतो तो पहिल्या प्रयोगाचाच एक भाग. काही वाक्यांत शेवटचा शब्द अर्थाने बरोबर, पण मोठ्या अक्षरांत दाखवला होता. तेव्हा एन-४०० उमटली नाही. धन दिशेची निराळीच लाट आली. म्हणजे डोळ्यांना बसलेला धक्का आणि अर्थाला बसलेला धक्का मेंदू वेगवेगळे हाताळतो. ‘धडाम्!!!’ ठळक अक्षरांत छापून खेकड्याचं काम होणार नाही.

मात्र नुसता भलता शब्द म्हणजे विनोद नव्हे. पावावरचे मोजे विचित्र वाटतात, हसू येतंच असं नाही. मानसशास्त्रज्ञ जेरी सल्स यांनी १९७२ मध्ये विनोदाचे दोन टप्पे मांडले: आधी विसंगती, मग ती सुटण्याचा क्षण. गोव्यातल्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. तिथलाच प्रसंग घेऊ. ‘ओहोटीला होडी चिखलात बसली. काठावरच्या मगरीने डोळा उघडला. शेपूट हलवली. जबडा वासला. बंड्याने देवाचं नाव घेतलं. मगर तशीच झोपी गेली.’ इथे अंदाज चुकतो आणि लगेच जुळतोही, कारण उन्हात पडलेल्या मगरी खरोखर तोंड उघडं ठेवतात, डोक्याचं तापमान आवरायला. लेखकाने मगर नीट पाहिलेली असेल, तरच हा विनोद त्याला सुचतो.

म्हणूनच ‘उजवा मेंदू जागवा, लेखक व्हा’ अशी जाहिरात करणाऱ्या शिबिरांना पालक पैसे मोजतात, याचा मला राग येतो. युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हजारांवर माणसांचे मेंदू-स्कॅन तपासून २०१३ मध्ये सांगितलं, की ‘उजव्या मेंदूची’ आणि ‘डाव्या मेंदूची’ अशी माणसं त्यांना आढळली नाहीत.

शब्द मेंदूला हलवतात हे क्रियापदांतही दिसतं. तोंडाच्या, हाताच्या किंवा पायाच्या क्रियेचा शब्द नुसता वाचला, तरी मेंदूतल्या हालचाली चालवणाऱ्या पट्ट्याचा त्या त्या अवयवाशी संबंधित भाग किंवा त्याच्या लगतचा भाग सक्रिय होतो, असं २००४ मध्ये दिसलं. म्हणून ‘तो फार घाबरला’ यापेक्षा ‘त्याने होडीची कड घट्ट धरली’ हे वाक्य मला जास्त जिवंत वाटतं.

शेवटी जागेचा प्रश्न. अंदाज बांधायला आधीचे शब्द लागतात, म्हणून धक्का देणारा शब्द वाक्यात जितका उशिरा येईल तितका बरा. ‘हाती खेकडा आला, कारण चप्पल चिखलात रुतली होती’ असं लिहिलं, तर खेकडा तोच राहतो, पण त्याच्याआधी चपलेची वाट बघायला कुणी नसतं.